मागच्या दाराला लावलेली खुर्ची

कॉनर्स कोव्ह या समुद्रकाठच्या चिमुकल्या गावात दार वाजवतात ते फक्त पोलीस, नाहीतर परकी माणसं. बाकी सगळे मागच्या दारानं थेट स्वयंपाकघरात घुसतात, किटलीसुद्धा स्वतःच चढवतात आणि मग विचारतात, "काय, बरं चाललंय ना?" त्यामुळे सोळा वर्षांच्या ब्रेनानं त्या दाराच्या मुठीखाली खुर्ची तिरकी करून अडकवली, तेव्हा तिला आपण स्वतःच्याच घरात काहीतरी गुन्हा करतोय असं वाटलं. पण करणार काय? कुलूप गंजलेलं, आणि किल्ली तर कुणी कधी पाहिलीच नव्हती.

हे सगळं अँब्रोज आजोबांसाठी. खेकडे उकडण्याच्या कारखान्यातली वाफ चाळीस वर्षं ओढून त्यांच्या फुप्फुसांची पार चाळण झाली होती. नर्सबाईंनी फोनवर स्पष्टच सांगितलं होतं, "हा साथीचा आजार त्यांच्यापर्यंत पोचला, तर आमच्या हातात काही राहणार नाही." आई-बाबा बोटीवर होते, संध्याकाळशिवाय यायचे नव्हते. आणि डर्मटकाका परवाच विमानानं दूरच्या अल्बर्टाहून, कामावरून आला होता. साथीत बाहेरून आलेला म्हणून त्यानं चौदा दिवस तळ्याकाठच्या खोलीत एकट्यानं राहायचं, असा नियम. आज कुठे दोन दिवस झाले होते, आणि त्याचा लाल ट्रक टेकडी उतरत होता!

"कोण येतंय गं?" आजोबांनी विचारलं. नाकात प्राणवायूची नळी, पण कान तिखट.

"कुणी नाही."

"कुणी नाही काय! माझ्या पोराचा ट्रक आहे तो. मेलेला उठून बसेल असा आवाज आहे. किटली ठेव."

पायऱ्यांवर बूट वाजले. मूठ फिरली. दार धाडकन खुर्चीवर आदळलं.

"अरेच्चा, दार फुगलंय की काय?"

"फुगलं नाही काका. मी अडकवलंय."

"तू? डोकं फिरलंय का तुझं?"

"चौदातले बारा दिवस बाकी आहेत."

"अगं, मी ठणठणीत आहे! आठ महिन्यांनी बापाला बघतोय. पाच मिनिटं. लांबूनच बसतो."

"तू आणि लांबून? आल्या आल्या त्यांच्या टकलाचा मुका घेतोस!"

शेजारच्या फिलोमिनाबाई वाळत घातलेले कपडे काढता काढता थबकल्या होत्या. "काय गं ब्रेना," त्या ओरडल्या, "शहरात, टोरंटोला राहायला गेलात की काय? सख्ख्या काकाला दाराबाहेर?"

ब्रेनाचे कान तापले. झालं! संध्याकाळपर्यंत हे गावभर होणार.

तेवढ्यात मागे काहीतरी घासत आलं. आजोबा! नळी ओढत, भिंत धरत ते दारापर्यंत पोचले होते. "हो बाजूला. हे घर मी बांधलंय. माझ्या पोराला बाहेर ठेवायला मी मेलो नाही अजून." त्यांचा हात खुर्चीवर पडला. त्याच वेळी काकानं बाहेरून खांदा लावला. खुर्चीचे पाय बोटभर सरकले.

ब्रेनानं पाठ दाराला टेकवली आणि पाय रोवले. "मग मलाच ढकला, आजोबा."

ते ढकलणार कसे? त्यांचा दमच संपला होता. छातीतून बारीक शिट्टी वाजत होती, प्रत्येक श्वासाला.

"काका," ती ओरडली, आणि तिचा आवाज फाटला, "दाराला कान लाव! ऐक! फक्त दहा पावलं चाललेत ते. दहा!"

दारावरचा दाब गेला. बाहेर काहीच हालचाल नाही. आत नुसती ती शिट्टी.

आणि मग... टक, टक, टक.

आजोबा दचकले. "पोलीस?"

"नाही. काका."

"डर्मटनं दार वाजवलं? आपलं?" ब्रेनानं त्यांना धरून आरामखुर्चीत बसवलं. मग उरलासुरला दम गोळा करून ते म्हणाले, "घरात कुणी नाही! बारा दिवसांनी ये. आणि तेव्हा दार वाजवलंस, तर याद राख!"

बाहेरून काकाचं हसणं ऐकू आलं. हसता हसता त्याला खोकला आला. एकदा. मग पुन्हा.

आजोबांनी ब्रेनाकडे पाहिलं. ती उठली, दारापाशी गेली आणि सरकलेली खुर्ची तिनं पुन्हा मुठीखाली घट्ट बसवली.