रिकिबीतला उलटा बूट

मी एक जुना घोडेस्वारीचा बूट आहे, उजव्या पायाचा. मित्रांनो, माझ्या अंगावर वरपासून खालपर्यंत एक वाकडी शिवण आहे. तिचीच ही हकीकत.

ओहायोतल्या आमच्या गावी एबेन पर्डी या मोच्याने मला घडवलं. जनरल अमासा व्हिटलॉक यांच्या पायात चढून मी यादवी युद्धात गेलो. गावची चाळीस पोरं त्यांच्या पलटणीत होती, एबेनचा मुलगा लेम्युएलही. एके दिवशी वाटेत नदीला पूर आला होता, पलीकडे शत्रू होता. थांबा, असं सगळे विनवत होते, पण जनरलनी नदी पार करायचा हुकूम सोडला. एकोणीस पोरं परतली नाहीत. लेम्युएलही नाही. जनरलच्या उजव्या पायाचा गोळीने चुराडा झाला आणि डॉक्टरने मला उभं चिरून काढलं.

पुढे जनरल निवडणुकीला उभे राहिले. सभेत मला टेबलावर ठेवत आणि म्हणत, देशासाठी मी पाय दिला. कुणी टाळ्या वाजवी, कुणी खुनी म्हणून ओरडे. मी मात्र फुशारून जायचो, खोटं कशाला बोलू? ते चारदा निवडून आले, पण नदीबद्दल चकार शब्द काढला नाही. पाचव्यांदा लोकांनी त्यांना पाडलं, तसा मीही माळ्यावर गेलो. तिथे उंदरांनी मला कुरतडलं.

जनरल वारले. सेनापतीच्या अंत्ययात्रेत स्वार नसलेल्या घोड्याच्या रिकिबीत त्याचे बूट तोंड मागे करून उलटे अडकवतात. त्यासाठी मला शिवून घ्यायला त्यांची मुलगी लव्हिनिया एबेनकडे आली. त्याने मला हातही लावला नाही.

"माझ्या पोराचे तर बूटसुद्धा परत आले नाहीत, बाई."

"पर्डीकाका, बाबा जाताना लेम्युएलचं नाव घेत होते. म्हणाले, थांबायला हवं होतं. चूक माझीच."

"मग सभेत का नाही बोलले?"

"मतं गेली असती."

एबेनने मान हलवली आणि आरी उचलली. शिवताना तो माझ्याकडे बघत नव्हता, म्हणून शिवण वाकडी आली.

जनरल हयातभर पुढे बघत चालले, मीही त्यांच्याबरोबर. अंत्ययात्रेच्या दिवशी माझं तोंड पहिल्यांदाच मागे होतं. कुबड्यांवरची माणसं दिसली, काळ्या कपड्यांतल्या आया दिसल्या, आणि सगळ्यांत शेवटी एबेन. बाकीच्यांनी टोप्या काढल्या होत्या, त्याने काढली नव्हती. पण कबरीपर्यंत तो आला.

मित्रांनो, मला जपायचं असेल तर खुशाल जपा, पण ही शिवण झाकू नका. आणि चूक कबूल करायला मरणाची वाट पाहू नका. हुकूम जनरलचा होता, पण नदीकाठी घोड्याला टाच मीच मारली होती. पुढे एबेनही वारला. त्याला हे मी कधीच सांगितलं नाही.