चष्म्यातली म्हैस

मी म्हैस बोलतेय. दूध मागू नका. डोळ्यांवर तो जाडजूड व्हीआर चष्मा चढवला की मी समोर उभी राहते. काढला की नाहीशी.

मला घडवलं ज्ञानेश्वरीनं. इंजिनिअरिंग अर्ध्यात सोडून घोडेगावला परत आलेली पोरगी. घरच्यांच्या भाषेत 'वाया गेलेली'. पहिल्या दिवशी मी पोटापर्यंत जमिनीत रुतले होते, शेपूट कानाशी उगवलं होतं. शिव्या घालत घालत तिनं मला चार पायांवर उभं केलं.

हा खटाटोप वहिनीसाठी. लीना ओडिशाची, मराठीचा गंध नाही. तिचे सासरे, म्हणजे ज्ञानेश्वरीचे वडील आप्पासाहेब, म्हशींचे व्यापारी. सुनेला कळलं नाही की तेच वाक्य दुप्पट आवाजात! ही मोठी माणसं भाषा शिकवत नाहीत, फेकून मारतात. लीनानं बॅग भरून ठेवली होती. गेली असती तर परत आली नसती.

म्हणून ज्ञानेश्वरीनं खेळ रचला. भर बाजारात मी उभी. मराठीत घासाघीस करून मला विकत घ्यायचं. आधी खेळ पारखायला चष्मा आप्पासाहेबांना चढवला. त्यांनी उपरण्याखाली हात पुढं केला आणि गप्प. खेळ त्यांच्या शब्दाची वाट बघत अडकला. मीही ताटकळले.

"बोला ना, आप्पा!"

"येडी का काय? सौद्यात बोलतंय कोन? उपरन्याखाली बोटं दाबायची, झाला भाव!"

"मला काय माहीत? नेलंत कधी बाजारात? पोरीचं काय काम तिथं, म्हणायचात!"

आप्पासाहेबांनी चष्मा काढून तिच्या हातात कोंबला. अन् तेच वाक्य दुप्पट आवाजात ओरडले.

मग ज्ञानेश्वरीनं मला बाजारातून काढून गोठ्यात बांधलं. तिथं बाया म्हशीशी दिवसभर बोलतात. सरक गं, खा की, रुसलीस का? लीना रोज मला हेच म्हणायची. बरोबर बोलली की मी कान हलवायची, चुकली की नुसता रवंथ. हसले कधीच नाही. हसणं ज्ञानेश्वरीनं माझ्यात घातलंच नाही, मुद्दाम.

एका सकाळी बाहेरून आरोळी आली, "च्या ठेव! च्या!" लीनानं चष्मा कपाळावर सरकवला. मला दिसेना, पण ऐकू आलं.

"आप्पा, हळू बोला. मला ऐकू येतं."

वहाणांची करकर दाराशी आली. मग आप्पासाहेबांचा कधी न ऐकलेला बारीक आवाज आला, "बरं. च्या टाकतीस का, पोरी?"

बॅग रिकामी झाली. आता लीना खऱ्या म्हशींवर मराठीत खेकसते, अन् मी खुंटीला. सुटले बाई! चष्म्यावर धूळ बसलीय, बसू द्या. फक्त तुमच्या घरी परमुलखातली सून आली, तर ओरडायच्या आधी तेवढी धूळ पुसा.