मालक पसंत आहे का

लाकडी सांगाड्याचं घर बांधायला टोळी निवडायची म्हटल्यावर मॅनेजरांनी जी चौकशी आरंभली, ती जावई शोधतानाही केली नव्हती. जावई अर्थात त्यांना शोधावा लागलाच नव्हता. मुलीनेच तो आणून पुढे उभा केला होता. बँकेतून निवृत्त झाले तरी सगळे त्यांना मॅनेजरच म्हणत आणि त्यांनाही ते आवडे. तर मॅनेजर लोकांची घरं बघत हिंडले, खांबांवर टकटक करून आले, छप्पर गळतं का म्हणून घरच्यांचं डोकं खाल्लं. एका टोळीचा मुकादम फार बोलतो म्हणून नापास झाला, दुसरीचा तोंडच उघडत नाही म्हणून.

या सगळ्या खटाटोपात एका माणसाला मात्र त्यांनी विचारलं नाही. ते म्हणजे त्यांचे व्याही. व्याही सुतार होते आणि असले सांगाडे उभारण्यातच त्यांचं आयुष्य गेलं होतं. ‘बाबा, माझ्या सासऱ्यांना विचारा ना,’ असं मुलगी फोनवर म्हणाली, तेव्हा मॅनेजर बोलून गेले, ‘अगं, लाकडाचं कुठे, विटांचं बांधतोय मी.’ मुलगी बिचारी बरं म्हणाली. ती दुसऱ्या गावी, सासरी राहायची; पुढचं पुढे बघू, असं त्यांनी मनाशी ठरवलं. बायको असती तर तिने कान उपटले असते, पण ती आता नव्हती.

खरं कारण अगदी साधं होतं. नव्या वसाहतीत एका बाजूला डॉक्टर, दुसऱ्या बाजूला वकील. त्यांच्यादेखत आपला व्याही कमरेला हातोडा लावून तुळईवर चढलेला दिसावा, हे मॅनेजरांना नको होतं. आपलं मन इतकं कोतं आहे, हे त्यांना कळत होतं. लाजही वाटत होती. पण नुसत्या लाज वाटण्याने माणूस सुधारत असता तर आणखी काय हवं होतं?

शेवटी एक कंत्राटदार बाई त्यांच्या पसंतीस उतरल्या. आजूबाजूच्या गावांतली चांगली माणसं जमवून त्या काम करत. बोलणं रोखठोक.

‘माझी एक पद्धत आहे,’ बाई म्हणाल्या. ‘काम घ्यायच्या आधी सगळ्या माणसांना प्लॉटवर आणते. तुम्ही त्यांना बघा, ते तुम्हाला बघतील. एकानेही नको म्हटलं तर मी काम घेत नाही. महिनोन्‌महिने एकमेकांची तोंडं बघायची असतात.’

मॅनेजरांना ही गंमतच वाटली. आपल्याला कोण नको म्हणणार?

ठरल्या दिवशी सकाळी प्लॉटवर गाडी आली. कुंपणाशी डॉक्टर कॉफीचा कप घेऊन उभे होते. माणसं एकेक करून उतरली आणि सगळ्यांत शेवटी, गाडीचा दांडा धरून, व्याही उतरले. व्याही कोणाबरोबर काम करतात हे मॅनेजरांनी आजवर विचारलंच नव्हतं.

दोघांची नजरानजर झाली. व्याह्यांनी आखणीसाठी रोवलेल्या खुंट्यांकडे पाहिलं, बाजूला पडलेल्या लाकडाच्या नमुन्यांकडे पाहिलं, डॉक्टरांकडे पाहिलं. मग पुढे होऊन त्यांनी हात जोडले.

‘नमस्कार, मालक.’

व्याह्यांनी नातं उघड केलं नव्हतं. मॅनेजरांना सुटल्यासारखं वाटलं, आणि त्यांनी नमस्काराला नमस्कार केला.

बाईंनी एकेकाला विचारायला सुरुवात केली. ‘काय, मालक पसंत आहे का?’ कोणी मान डोलावली, कोणी हसून म्हणालं, ‘चेहरा तर बरा दिसतोय.’ व्याह्यांची पाळी आली.

‘काम चांगलं आहे, घ्या तुम्ही,’ ते म्हणाले. ‘मी मात्र नाही येणार. गुडघे बोलतात हल्ली.’

‘कालपर्यंत तर गप्प होते तुमचे गुडघे,’ बाई म्हणाल्या. ‘काका, तुम्ही नसाल तर सांगाडा मी घेणार नाही. सरळ सांगा, मालकांत काही खोट आहे का?’

‘छे, छे. खोट कसली?’

इतकी पारखून निवडलेली टोळी हातची चालली होती. ‘ते माझे व्याही आहेत,’ मॅनेजर म्हणाले. हे आपण लाजेखातर बोललो की टोळी जाऊ नये म्हणून, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. त्यामुळे त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. डॉक्टर कप घेऊन घरात गेले.

व्याह्यांनी त्यांना हाताला धरून गाडीच्या पलीकडे नेलं. आता चार शब्द ऐकून घ्यायचे, अशी मॅनेजरांनी मनाची तयारी केली. ऐकवले असते तर बरंच झालं असतं.

‘एक अडचण झालीय, व्याहीबुवा,’ व्याही हळूच म्हणाले. ‘विटांचं घर आहे असं सूनबाई म्हणाली, म्हणून तुमच्या सगळ्या दारांच्या चौकटी मी घरी करून ठेवल्यात. आमच्याकडून भेट द्यायच्या होत्या. विटांच्या भिंतीची जाडी धरून केल्यात हो. इथल्या भिंती बारीक. बाहेर येतील त्या.’

‘कापून बसवता येतील?’ मॅनेजरांनी कसंबसं विचारलं.

‘येतील की. पण त्यांना पॉलिश सूनबाईने केलंय, रोज संध्याकाळी बसून. कापताना बघेल ती. तिला काय सांगू, तेवढं सांगा. तुम्ही म्हणाल तसं सांगेन.’

‘तुम्ही काही सांगू नका,’ मॅनेजर म्हणाले. ‘मीच सांगतो तिला.’ पण व्याह्यांच्या डोळ्याला डोळा भिडवून हे बोलणं त्यांना जमलं नाही, आणि खिशातला फोन काढायला त्यांचा हात होईना.