विरजणाचा वाडगा

सावळीरामआप्पा बोरस्त्यांनी तीस वर्षं पिंपळगाव बसवंतला द्राक्षांचं पॅकहाऊस चालवलं, मग ते मुलाच्या हवाली केलं आणि नाशकात मखमलाबाद रस्त्याला बंगला बांधून जुने चिनी वाडगे जमवायला सुरुवात केली. लोक या वयात भजनी मंडळात जातात. आप्पांच्या वेडालाही कारण द्राक्षंच होती. सौद्यासाठी ते एकदा चीनला गेले, तेव्हा यजमानांनी सगळ्यांना एका संग्रहालयात नेलं. बरोबरचे लोक बाहेर चहा शोधत फिरले आणि आप्पा एका निळ्या वाडग्यासमोर पाऊण तास उभे राहिले. त्यावर फूल नव्हतं, पान नव्हतं, पक्षी नव्हता. नुसता एक रंग होता. इतकी शांत वस्तू आपण आजवर पाहिली नाही, असं त्यांना वाटलं आणि डोळ्यांत पाणी आलं.

आता त्यांच्या हॉलमध्ये काचेचं कपाट होतं, आत छोटे दिवे होते आणि सहा एकरंगी वाडगे होते. त्यातला एक नक्की नकली होता, पण कोणता, हे आप्पांना ठरवता येत नव्हतं. जेवणाच्या टेबलाशी त्यांची खुर्ची कपाटासमोर होती. एकेका रंगावर नजर ठेवून ते भाकरी खात.

"सहा वाडगे घरात, आणि आमटी वाढायला मी स्टीलची वाटी शोधते," असं त्यांच्या पत्नी लताबाई पाहुण्यांना सांगत. पाहुणे हसत. लताबाई हसत नसत.

कमी होता तो पिवळा. हा रंग तिकडे राजघराण्याचा. आतबाहेर पिवळा वाडगा बादशहाचा आणि पट्टराणीचा, बाहेरून पिवळा आणि आतून पांढरा तो तिच्या खालच्या राणीचा. आप्पांची खालच्या राणीलाही हरकत नव्हती.

तो त्यांना नवसाबाईंच्या स्वयंपाकाच्या ओट्यावर सापडला. नवसाबाईंचा शेवंतीचा मळा बंगल्यापासून हाकेच्या अंतरावर. आप्पा पूजेची फुलं आणायला गेले, तर दाराशी बसलेल्या म्हातारीच्या मागे, स्वयंपाकघरात, हळदीसारखा पिवळा वाडगा. आत विरजण.

"आक्का, जरा उलटा करून बघू का?"

"विरजण हाय त्यात."

आप्पांनी विरजण स्वतःच्या हातानं पेल्यात काढलं. वाडगा आतून पांढरा होता. बुडाला निळ्या शाईची सहा चिनी अक्षरं होती, तीनशे वर्षांपूर्वीच्या बादशहाच्या नावाची.  आप्पांनी किंमत विचारली आणि उत्तर यायच्या आत ती दुप्पट केली.

"माझा नाय तो, आप्पा. मी कसा इकू?" नवसाबाई म्हणाल्या.

हकिगत अशी होती. नवसाबाईंचे मालक, फकिरा, देवळालीच्या एका बंगल्यात सायकलवरून फुलं देत. तिथल्या पारशी बाईंनी एकदा या वाडग्यातून शिरा पाठवला. भांडं रिकामं परत करायचं नाही, म्हणून शेतातल्या शेंगा निघेपर्यंत ही दोघं थांबली. शेंगा भरून फकिरा गेले, तर बंगल्याला कुलूप. शेजारी आधी बाई मुंबईला गेल्या म्हणाले, मग वारल्या म्हणाले. पत्ता कुणाकडेच नव्हता.

"शेंगांची वाट बघितली नसती तर पोचला असता," नवसाबाई म्हणाल्या. "चाळीस वर्सं झाली. मालक गेले तेव्हाबी तेच बोलत व्हते."

आप्पांना वाईट वाटलं. घरी पोचेपर्यंत ते ओसरलं, आणि गेटच्या आत पाऊल टाकताना त्यांना युक्ती सुचली. परत करायच्या भांड्यावर जी बाई एवढी अडून बसते, तिच्याकडून भांडं आणायचं तर खाऊनच आणावं लागेल. मग त्यांनी नवसाबाईंकडे पदार्थ पाठवायला सुरुवात केली, पण भांड्यातून नव्हे. वणीच्या गडावरून आणलेले पेढे खोक्यातून गेले, चिवडा कागदी पिशवीतून गेला. आपलं भांडंच तिकडे नाही म्हटल्यावर नवसाबाईंना परतीचा घास स्वतःच्या भांड्यातून पाठवावा लागणार होता. आज ना उद्या पिवळ्याची पाळी येईल.

आधी अळूवड्या आल्या, स्टीलच्या डब्यातून, डब्यावर फकिराचं नाव कोरलेलं. मग ठेचा आला, लोणच्याच्या बरणीतून. ओल्या शेंगा केळीच्या पानातून आल्या. लताबाई प्रत्येक भांडं घासून, काहीतरी भरून परत पाठवत. तीन महिन्यांत आप्पांचं वजन चार किलो वाढलं.

मग नवसाबाईंची गाय व्याली. खरवस सगळ्या आळीत वाटला गेला, त्यात घरातलं एकूण एक भांडं बाहेर पडलं, आणि बोरस्त्यांच्या वाट्याचा खरवस पिवळ्या वाडग्यातून आला. नवसाबाईंची नात भाग्यश्री तो घेऊन आली. वाडगा गरम होता.

"एवढा गरम कसा?" आप्पांनी विचारलं.

"कुकरमध्येच लावला व्हता ना. तीन शिट्ट्या झाल्या."

आप्पा सोफ्यावर बसले. तीनशे वर्षांचा वाडगा, तीन शिट्ट्या. त्यांनी उजेडात धरून पाहिला. केसाएवढी चीर नव्हती. खरवसही उत्तम झाला होता, वर वेलदोडा होता.

त्या दिवशी वाडगा घासला तो आप्पांनी, लग्नानंतर पहिल्यांदाच. आणि ठेवला कपाटात, मधोमध.

"त्यांचा वाडगा परत गेला का?" लताबाईंनी दुसऱ्या दिवशी विचारलं.

"रिकामा कसा पाठवायचा? शोभेलसं काहीतरी आणतो."

आठवडाभरानं लताबाईंनी लाडू केले. आप्पा म्हणाले, रंग जुळत नाही. त्यानंतर लताबाईंनी विचारायचं सोडलं. नवसाबाई मागायला येणार नाहीत, हे आप्पांना पक्कं ठाऊक होतं. दिलेलं भांडं मागायचं नसतं, हेही त्या घरी तेवढ्याच निष्ठेनं पाळलं जाई. आप्पा त्या निष्ठेवर दोन महिने आरामात जेवले.

मग नवसाबाई आल्या. भाग्यश्रीचं लग्न ठरलं होतं, त्याचं आमंत्रण. लताबाईंना कुंकू लावून झालं, अक्षता देऊन झाल्या, आणि उठताना म्हातारीची नजर दिव्यांकडे गेली. त्या कपाटापाशी गेल्या.  काय सांगायचं ते आप्पांनी पाठ करून ठेवलं होतं, त्यातला एकही शब्द आठवेना.

नवसाबाईंनी पिवळा पाहिला. मग बाकीचे एकेक करून बोटानं मोजले.

"आप्पा," त्या हळूच म्हणाल्या, "हे समदे परत करायचे ऱ्हायले का हो?"

आप्पांनी खिशातली कपाटाची किल्ली चाचपली.

"माझ्याकडं एकच व्हता, तर रोज घास घेताना त्या बाईची याद यायची. तुमी सात ठेवून जेवता कसे?"

आवाजात टोमणा नव्हता. असता तर आप्पांना बरं वाटलं असतं. म्हातारीला खरोखर त्यांची कीव आली होती, आणि इतकी लाज आप्पांना जन्मात वाटली नव्हती.

त्यांनी किल्ली काढली, पिवळा वाडगा घेतला आणि स्वयंपाकघरात गेले. दोन महिने त्याला शोभेलसं काही सापडत नव्हतं. साखरेचा डबा दोन पावलांवर होता. त्यांनी काठोकाठ साखर भरली आणि वाडगा दोन्ही हातांनी नवसाबाईंना दिला. त्यांनी तो पदराखाली घेतला.

"बाकीच्यांचे पत्ते हायेत ना?" त्या दारातून म्हणाल्या. "आमचा नातू रवी फुलांचा टेम्पो घेऊन मुंबईला जातो. दील पोचवून."

"बघतो," आप्पा म्हणाले.

दुपारी जेवायला बसताना त्यांनी खुर्ची उचलून टेबलाच्या पलीकडे ठेवली आणि कपाटाकडे पाठ करून बसले. लताबाईंनी स्टीलच्या वाटीत आमटी वाढली.