नऊ वर्षांची कंबर

पेणजवळच्या जोह्याच्या हिरामणची कंबर नऊ वर्षं दुखत होती. दिवसभर गणपतीच्या साच्यांवर वाकून मणक्यातली गादी सरकली होती नि पायापर्यंत कळ जायची. शेवटी रोह्याच्या एका दवाखान्यात ऑपरेशनची तारीख ठरली, आणि त्याच्या आठ दिवस आधी, एका मंगळवारी चहा पिताना, कंबर दुखायची थांबली.

हिरामण उठला, बसला, वाकला. काहीच नाही.

"जने," त्यानं बायकोला हाक मारली, "माझी कंबर नाय दुखत गो."

"भ्यालात तुमी," जनी म्हणाली. "पोपटनं वरशाला खालची खोली रिकामी केलीय. कमोडची खुर्ची पन आनलीय. आता काय सांगू त्याला?"

पोपट तिचा धाकटा भाऊ, रोह्याजवळच्या वरसे गावात राहणारा, कंपनीतून खास रजा काढलेला. हिरामण लंगडायला लागला. एवढं छान तो दुखत असतानाही कधी लंगडला नव्हता.

ऑपरेशनच्या दिवशी दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "दहापैकी किती दुखतंय?"

"नऊ," जनी म्हणाली.

"साडेनऊ," पोपट म्हणाला.

"शून्य," हिरामणच्या तोंडून निघून गेलं.

डॉक्टरांनी त्याला वाकायला सांगितलं. हिरामणनं दोन्ही तळवे फरशीला टेकवले. डॉक्टरांनी पाय उचलून पाहिले, बोटांतली ताकद तपासली.

पोपटनं एमआरआयची फिल्म उजेडात धरली. "डॉक्टरसाहेब, यात तर दुखतंय!"

"यात गादी सरकलेली दिसते, दुखणं नाय दिसत. कधीकधी आपोआप थांबतं. मी माणसाचं ऑपरेशन करतो, फोटोचं नाय. घरी जा, व्यायाम करा."

"आनि माझ्या रजेचं काय?" पोपटनं कळवळून विचारलं. डॉक्टरांकडे त्याला औषध नव्हतं.

बाहेर आल्यावर तिघांना कुठं जावं कळेना. शेवटी ठरल्याप्रमाणे वरशालाच गेले. पोपटच्या शेजारच्या ठमाबाई दारात पेज घेऊन उभ्याच होत्या. "उठू नको रे बाबा, टाके उसवतील!" त्या ओरडल्या. त्यांचं मन मोडवेना म्हणून हिरामण आडवा झाला. मग शहाळी आली, पोपटच्या कंपनीतली माणसं आली. तीन दिवस तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. कुणी टाके दाखव म्हटलं की जनी म्हणायची, "डॉक्टर नको बोललेत."

पडल्यापडल्या त्याला भलतीच भीती वाटू लागली. नऊ वर्षं 'कंबर दुखते' म्हटलं की पाहुण्यांकडे जाणं टळायचं, भांडण टळायचं, जनीनं काही मागितलं तर तेही टळायचं. आता काय म्हणायचं?

तिसऱ्या रात्री तो म्हणाला, "जने, तुला राग आलाय?"

"व्हय."

"बरा झालो म्हनून?"

"नाय. एवढी वर्षं मी तुमची कंबर सांभाळली. आता ती गेली, तर मला रिकामं रिकामं वाटतंय. म्हनून राग."

त्याला हसू आलं. मग तीही हसली. मग ठमाबाईंना ऐकू जाईल म्हणून दोघांनी तोंडावर चादर ओढली.

चौथ्या दिवशी ते गाडीनं पेणला आले. एसटी स्टँडवर जोह्याची बस लागली होती. जनीनं पिशव्या खाली ठेवल्या, पाचही, आणि एकेक करून हिरामणच्या हातात दिल्या. शेवटची त्यानं गळ्यात अडकवली. ती मोकळ्या हातांनी बसमध्ये चढली आणि खिडकीजवळ जाऊन बसली.