दुप्पट डिझेल

रुतिकाचा हिशेब एका ओळीत बसायचा: कंपनी चार कोटींना विकली जाणार, तिचा वाटा बारा टक्के, म्हणजे अठ्ठेचाळीस लाख. त्यातून सानपाड्याला मासळीचा गाळा. मोरा बंदरावरून पाटी घेऊन येणारी आणि गटाराच्या झाकणावर बसून विकणारी तिची आई गोजरा मग पंख्याखाली बसणार.

कंपनी मोऱ्याची मासळी सानपाड्याच्या फ्लॅटांत पोचवायची. ॲप सुयशचं. मासळी रुतिकाची, खरं तर गोजराची. तिच्या शब्दावर बंदरावरच्या अडतीस बायका आठवडाभर उधार माल द्यायच्या. भांडवल जयप्रकाशसरांच्या फंडाचं, दोन कोटी. सर वीस कंपन्यांत पैसे टाकायचे, त्यातल्या अठरा बुडणार हे आधीच धरून. असा माणूस स्वतः बुडायची सोय कशाला ठेवेल?

करारात एकतिसाव्या पानावर लिहिलं होतं: कंपनी विकली तर घातलेल्या पैशाच्या दुप्पट आधी फंडाला, उरेल ते बाकीच्यांत. रुतिकाने ते वाचून सही केली होती. पोरगी बी.कॉम., पण वाढलेली बंदरावर. होडी लागली की आधी डिझेल-बर्फाचे पैसे कापतात, मग वाटे पडतात. तिला वाटलं, हेही तसंच. ‘दुप्पट’कडे तिने काणाडोळा केला; कंपनी पन्नास कोटींना जाईल असं तेव्हा सगळेच म्हणत होते.

विक्री ठरली तेव्हा सरांनी सुयशला आणि मायलेकींना वाशीच्या ऑफिसात बोलावलं.

“घेणाऱ्यांची एकच अट आहे,” सर म्हणाले. “पुढेही माल देऊ, असा अडतीस जणींचा लेखी होकार. मावशींनी तेवढं बघावं.”

“आणि माझे अठ्ठेचाळीस?” रुतिकाने विचारलं.

“टेन्शन घेऊ नको, रुती,” सुयश म्हणाला. “दोनाचे दुप्पट चार. संपले पैसे. मला पण शेअर्सचं काही नाही.”

“मग तुला काय मिळतंय?”

“त्यांच्याकडे नोकरी. जॉइनिंग बोनस.”

“किती?”

तो एसीचा रिमोट शोधायला लागला. “पंचवीस.”

“हजार?”

“लाख.”

रुतिकाने पाण्याचा ग्लास टेबलावर इतक्या जोरात ठेवला की सरांच्या कागदांवर पाणी उडालं. “माझी सही मिळणार नाही.”

“लागतच नाही,” सर कागद पुसत म्हणाले. “पान चौतीस. विकायचं की नाही ते फंड ठरवतो.”

गोजराने खुर्ची पुढे ओढली. “सायेब, एक पिंप डिझेल जाललं, त दोन पिंपांचं पैसं कोन कापतं? आमचा नाखवा जाम लबाड हाय, पन त्याला बी हे सुचलं नाय. होरी रिकामी आली तरी खलाशाला कालवनापुरती मासली देतो. तुमची त भरून आली.”

“मावशी, आमचा पैसा रिस्कचा असतो.”

“आनि आमी आठ दिस उधार देताव, तो कसला?”

सरांनी घड्याळ बघितलं. गोजरा उठली. “होकार पायजे ना? कालवनापुरता बी नाय मिलनार. चल गो, रुतिका.”

मोऱ्याची एकही बाई फुटली नाही. घेणाऱ्यांनी मग फक्त ॲप घेतलं, एक कोटी साठ लाखांत, आणि ॲपबरोबर त्यांना सुयश नको होता. पैसे सगळे फंडाकडे गेले. बायकांची शेवटच्या आठवड्याची बिलं राहिली. ती मागितली तेव्हा कोर्टात जा, असं उत्तर आलं.

आता कोणी काय भरलं ते. सुयशने पंचवीस लाख आणि नोकरी. रुतिकाने अर्ध्या पगारावर काढलेली दोन वर्षं. फंडाला चाळीस लाखांची खोट बसली, पण फंडातला पैसा लोकांचा, आणि सरांची दरसालची दोन टक्के फी त्यातून आधीच निघालेली. सरांनी भरलं शून्य. बायकांचे दोन लाख दहा हजार गोजराने भरले, शब्द तिचा होता म्हणून. दोन्ही पाटल्या गेल्या.