गुडघ्यापर्यंत आलेली माळ

माझ्या लेकीच्या, वेदिकाच्या गळ्यातली काविळीची माळ छातीपर्यंत आली, तेव्हा सासूबाईंनी शेजारी साखर वाटली. उमरेडकडच्या एका बाबाने दिलेली ती मुळ्यांची माळ. आधी डोक्यावर मुकुटाएवढी असते, मग वाळत, लांबत खाली येते. पायाशी पोचली की कावीळ उतरली म्हणायचं.

"पाहून राहिली ना वं मयुरा? काहून दवाखाना दवाखाना लावलं?"

"मुळ्या वाळल्या की माळ सैल होतेच, आई. तिचे डोळे बघा ना, किती पिवळे आहेत. निदान रक्त तरी तपासू."

"माळ अंगावर असतानी सुई टोचत नाही. बाबानं सांगतलं ना."

मी नवऱ्याकडे पाहिलं. सौरव दुकानाची किल्ली शोधत राहिला. ती त्याच्या हातातच होती.

वाचलं होतं मी सगळं. हिपॅटायटिस ए आणि ई पाण्यातून, बी आणि सी रक्तातून. आमच्या नळाला गढूळ पाणी आलं होतं, म्हणजे ए असणार. मुलं बहुधा आपोआप बरी होतात. त्या 'बहुधा'ने माझी झोप उडवली होती.

माळ गुडघ्याला टेकली त्या दुपारी वेदिका जेवणासाठी उठेना. हलवून उठवलं तर म्हणाली, "बाई, मी शू करून येऊ?"

"बाई नाही गं, मी आई."

"हो, बाई."

सासूबाई हसल्या. "घ्या! पोट्टीची शाळा घरीच भरली."

मी तिला उचललं आणि रस्त्यावर येऊन ऑटो थांबवला. सासूबाई बडबडत मागून चढल्या.

रक्ताचा रिपोर्ट आला. डॉक्टर म्हणाले, "ए आहे. यावर वेगळं औषध नसतं, बहुतेक मुलं आरामाने बरी होतात. पण हिचं लिव्हर काम सोडतंय. त्यामुळे रक्त गोठत नाहीये, ही भ्रमातही आहे. झाडपाल्याचं काही पोटात दिलंत?"

"नाही," मी म्हणाले. "फक्त माळ."

सासूबाईंनी पदर तोंडाशी नेला.

"देल्लं, साहेब. पुडी. रोज ताकातून. हे मयुरा न्हाणीत राहे तवा."

"कशाची पुडी?"

"मले काय माहीत!"

डॉक्टरांनी उरलेली पुडी ताबडतोब मागवली. मी सौरवला फोन लावला. काय बोलले, आठवत नाही.

आयसीयूत मानेजवळ नळी घालायची होती. माळ आड येत होती. नर्सने कात्री उचलताच सासूबाई पुढे झाल्या. आता अडवतील, म्हणून मी मधे उभी राहिले.

"सरक वं," त्या म्हणाल्या. कात्री घेऊन त्यांनी स्वतःच माळ कापली.

तिला सारखं बोलतं ठेवा, असं सांगून डॉक्टर गेले.

"वेदू, मी कोण?"

तिचे ओठ हलतात. आवाज येत नाही.

मी पुन्हा विचारते.